नाडी ७६, हात गार : अनेक ठिकाणी मार लागलेल्या एका रुग्णाच्या परिचर्या मूल्यमापनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

डिसेंबरातली पहाट, काटोल रोडवर दाट धुके. ६१ वर्षांचे एक शेतकरी मोटरसायकलवरून नागपुरात येत होते. ६.२० च्या सुमारास मागून आलेल्या मालवाहू पिकअपची त्यांना धडक बसली आणि ते डाव्या कुशीवर रस्त्याकडेला फेकले गेले. हेल्मेट डोक्यावर होते. १०८ ची गाडी त्यांना ७.०५ वाजता शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत घेऊन आली. ओळख पटू नये म्हणून रुग्ण आणि रुग्णालय यांचे तपशील बदलले आहेत.

गाडीतल्या डॉक्टरांनी दिलेली माहिती नेटकी होती : अपघात कसा झाला, डावी नडगी मोडल्याचा संशय, डाव्या बरगड्यांत दुखणे, शुद्धीवर पण थोडे गोंधळलेले. मानेला कॉलर, पायाला स्प्लिंट, उजव्या हाताला २० नंबरची गुलाबी इंट्राकॅथ आणि तीतून सुरू केलेली आरएल या सलाइनची ५०० मिलीची बाटली. नियमित औषधे कोणती, हे कोणी विचारले नव्हते. सोबत नातेवाईक नव्हते.

कॅज्युअल्टीत रात्रपाळीच्या दोन सिस्टर होत्या, आठ वाजता ओव्हर द्यायचा होता (म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवायचे होते) आणि त्याच वेळी दुसऱ्या ट्रॉलीवर एक विषबाधेचा रुग्ण होता. पुढे जे झाले ते समजून घेताना ही परिस्थिती विसरता येत नाही.

पहिली वीस मिनिटे

श्वासमार्ग मोकळा होता, रुग्ण बोलत होते. ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९३ टक्के, बॅगवाल्या मास्कने १५ लिटर दिल्यावर ९८. नाडी ७६, रक्तदाब ११८/९२, तापमान ३५.१ अंश सेल्सिअस, एचजीटी (बोटातून तपासलेली रक्तातली साखर) १६८. शुद्धी मोजणारा ग्लासगो स्कोअर १५ पैकी १४ : डोळे ४, बोलणे ४, हालचाल ६. मुलाचे नाव विचारले तर गावाचे नाव सांगत होते. श्वासाचा दर चार्टवर २० लिहिलेला आहे.

हा २० चा आकडा इथे थांबून पाहण्यासारखा आहे. अनेक चार्टवर एकामागून एक २० दिसतो, कारण मॉनिटर नाडी, दाब, सॅच्युरेशन आपोआप देतो. श्वास मात्र छातीकडे बघून मोजावा लागतो. मॉनिटरवर तोही आकडा दिसतो, पण रुग्ण हलत असेल, बोलत असेल तर तो भरवशाचा नसतो. रक्तस्रावात श्वास बहुधा रक्तदाबाच्या आधी बदलतो. या रुग्णाचा दर पुढे पूर्ण एक मिनिट मोजला तेव्हा ३० भरला. सात वाजता तो नक्की किती होता, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

७.२५ ला फास्ट (आतला रक्तस्राव झटपट शोधणारी) सोनोग्राफी झाली. पोटात, हृदयाभोवती पाणी दिसले नाही. रक्ताचे पहिले हिमोग्लोबिन १२.६ आले. छातीच्या एक्स-रेत डावीकडच्या ८ ते १० क्रमांकाच्या बरगड्या मोडलेल्या, ओटीपोटाच्या एक्स-रेत फ्रॅक्चर नाही. रुग्ण दोनदा म्हणाले, ‘‘डावा खांदा लय दुखून राह्यला जी, सिस्टर.’’ खांद्यावर खरचटलेले होते, म्हणून ते दुखणे खांद्याच्याच खाती जमा झाले. एकदा ते म्हणाले, ‘‘थंडी वाजून राह्यली.’’ त्यांच्या अंगावर एक चादर टाकली गेली. दवाने ओले झालेले कपडे खालीच राहिले. शर्ट आणि पँट कापून काढले ते ७.४० ला, पायाच्या एक्स-रेला नेण्याआधी.

एमएलसी (पोलिसांत नोंदवायचे प्रकरण) असल्याने कपडे आणि वस्तूंची यादी झाली. त्यात एक ओळ आहे : ‘शर्टाच्या खिशात औषधाची पट्टी – १’. औषधाचे नाव लिहिलेले नाही.

समस्या

अस्थिरोग विभागाच्या हाउसमननी (कनिष्ठ डॉक्टरांनी) नडगीचा एक्स-रे आधी करून घेऊ असे सुचवले. आकडे ठीक, फास्ट निगेटिव्ह, हिमोग्लोबिन १२.६, पाय उघड उघड मोडलेला. अशा वेळी सगळ्यांचे लक्ष डोळ्यांना दिसणाऱ्या जखमेकडे जाते. रुग्ण ७.४२ ला वॉर्डातल्या मामांसोबत (वॉर्डबॉयसोबत) एक्स-रेला गेले आणि ७.५८ ला परत आले. या सोळा मिनिटांत एकही नोंद नाही. सोबत सिस्टर नव्हती, पोर्टेबल मॉनिटर नव्हता.

आता तेच आकडे पुन्हा पाहू. ११८ मधून ९२ वजा केले तर २६ उरतात. वरचा आणि खालचा दाब यांतले अंतर वरच्या दाबाच्या चतुर्थांशापेक्षा कमी झाले, तर हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त फेकते आहे असे समजावे. इथे चतुर्थांश साडेएकोणतीस होतो. म्हणजे ७.०५ लाच इशारा होता. प्रौढ माणसाचे १५ ते ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा दाब बऱ्याचदा टिकतो, कारण रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्यामुळे खालचा दाब चढतो. हातपाय गार पडतात तेही त्यामुळेच. पण थंडीतल्या पहाटे रस्त्यावर पडलेल्या माणसाचे हात गार असणार, असे कोणालाही वाटेल. म्हणून केशिका भरण्याची चाचणी अशा दिवशी नखावर न करता छातीच्या मधल्या हाडावर करावी : पाच सेकंद दाबून सोडायचे आणि रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर नोंदवायचे.

पहिल्या हिमोग्लोबिनवर विसंबणे ही तर फार जुनी फसगत. रक्त वाहून जाते तेव्हा पेशी आणि पाणी एकाच प्रमाणात जातात. उरलेल्या रक्ताचे हिमोग्लोबिन सुरुवातीला तेवढेच राहते. ऊतींतले पाणी रक्तात ओढले गेल्यावर किंवा सलाइन दिल्यावर ते उतरते. फास्टचेही तसेच आहे. पोटात थोडेच रक्त असेल तर ती निगेटिव्ह येते, आणि अपघातानंतर तासाभरात आलेला निगेटिव्ह निकाल त्या क्षणापुरताच खरा असतो.

उरला नाडीचा प्रश्न. दुखापत, थंडी, वेदना, भीती आणि नाडी ७६? शांत नाडीने इथे धीर द्यायला नको होता, शंका आणायला हवी होती.

ओव्हरच्या वेळी

आठ वाजता सकाळपाळीच्या सिस्टरांनी ओव्हर टेबलाशी न घेता ट्रॉलीजवळ घेतला. त्यांनी रुग्णाचा हात हातात घेतला, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजला आणि दाब मॉनिटरवर न घेता हाताने घेतला. ८.०५ ची नोंद : श्वास ३०, नाडी ८२, रक्तदाब १०४/८६, छातीच्या हाडावर केशिका भरण्यास ४ सेकंद, ग्लासगो १३, आता डोळेही हाक मारल्यावरच उघडत होते. दाबातले अंतर १८ वर आले होते.

नाडी भागिले वरचा दाब हा शॉक इंडेक्स बऱ्याच ठिकाणी वापरतात. ०.५ ते ०.७ सर्वसाधारण, ०.९ च्या वर गंभीर. या रुग्णाचा आधी ०.६४ आणि आता ०.७९ होता, म्हणजे त्याही हिशेबात ते ‘बसत’ नव्हते. सिस्टरांनी वस्तूंच्या यादीतली ती पट्टी मागवली. मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅम, दीर्घकाळ परिणाम करणारी बीटा ब्लॉकर गटातली गोळी. तेवढ्यात मुलगा फोनवर मिळाला. ‘‘बीपीची गोळी रोज सकाळी उठल्याबरोबर घेतात,’’ त्याने सांगितले, ‘‘आज पण घेऊनच निघाले.’’

बीटा ब्लॉकर हृदयाचा वेग वाढू देत नाही. शरीर रक्तस्रावाला नाडी वाढवून जे उत्तर देते, तेच दाबले जाते. पेसमेकर बसवलेला रुग्ण किंवा रोज मैदानावर पळणारा तरुण यांच्या बाबतीतही नाडी अशीच फसवते. शिवाय वय साठीच्या पुढे असेल आणि आधीपासून रक्तदाब असेल, तर ११० च्या खालचा वरचा दाब सर्वसाधारण मानू नये. ज्याचा रोजचा दाब १५० आहे, त्याला १०४ हा शॉकच असतो.

मग सगळ्यांत उशिरा व्हायला नको होते ते केले : रुग्णाला उलटवून पाठ पाहिली. चार माणसे लागतात. डोक्याशी उभा असलेला मान सरळ धरतो आणि हुकूम तोच देतो; दोघे खांदा-कंबर आणि कंबर-गुडघा असे हात एकमेकांत अडकवून धरतात; चौथा पाठ बघतो, मणके एकेक दाबून पाहतो. मोडलेला पाय वेगळा धरायला पाचवा असेल तर उत्तम. डाव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली, तळहाताएवढा निळा-जांभळा डाग होता. समोरून तो दिसतच नव्हता.

डाव्या खालच्या बरगड्या मोडलेल्या, कुशीत डाग, आणि डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणे. पोटातले रक्त डाव्या डायफ्रॅमला (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला) चाळवते आणि ते दुखणे खांद्यात जाणवते, कारण दोन्हींच्या मज्जातंतूंची मुळे मानेत एकत्र येतात. खांदा दाबल्यावर दुखणे वाढते का, हा एकच प्रश्न सव्वासातला पुरेसा होता. खरचटलेली कातडी दाबली की चुरचुरत होती. आतले दुखणे मात्र वाढत नव्हते.

पर्याय

८.१० ला शल्यचिकित्सेच्या रेसिडेंटना फोन गेला. फोनवरची वाक्ये फाइलमध्ये नोंदवलेली आहेत, आणि तशीच द्यायला हवीत असे वाटते : ‘‘६१ वर्षांचे, अपघातानंतर पावणेदोन तास. मेटोप्रोलॉलवर आहेत, म्हणून नाडी ८२ वर विसंबता येत नाही. दाबातले अंतर २६ वरून १८, श्वास ३०, ग्लासगो १४ वरून १३. डाव्या कुशीत डाग, खांद्याला दुखते. पोटात रक्तस्राव असावा असे वाटते. आत्ता येऊन फास्ट पुन्हा करावी.’’ ‘जरा बघून जा’ असे मोघम काही त्यात नाही, म्हणूनच रेसिडेंट पाच मिनिटांत आले.

तीन वाटा होत्या. पहिली, सर्वांगाचा सीटी. त्यात डोकेही तपासले गेले असते आणि गोंधळण्याचे कारण कळले असते. पण सीटीला जाऊन यायला किमान चाळीस मिनिटे, आणि तिथे रुग्ण कोसळला तर हाताशी काही नाही. दुसरी, कॅज्युअल्टीतच ठेवून रक्त देत राहणे आणि पुन्हा पुन्हा तपासणे. दाब रक्ताने सुधारून टिकला असता, तर ही वाट रास्त होती. प्लीहेच्या (डाव्या बरगड्यांखालचा अवयव, स्प्लीन) कितीतरी जखमा शस्त्रक्रियेविना भरतात. तिसरी, फास्ट पुन्हा करून ती पॉझिटिव्ह आली आणि दाब टिकला नाही, तर सीटीविना थेट ओटी (शस्त्रक्रियागृह). दुसऱ्या वाटेने सुरुवात करायची आणि तिसरीची तयारी ठेवायची, असे ठरले.

काय केले

दोन्ही कोपरांत १६ नंबरच्या करड्या इंट्राकॅथ घातल्या. गुलाबी सुई बारीक असते. तिच्यातून रक्त घाईने जात नाही. सुई घालतानाच ग्रुप, क्रॉसमॅच आणि गोठण्याच्या चाचण्यांचे नमुने घेतले; एबीजीसाठी (रक्तातले वायू आणि आम्लता) रोहिणीतून वेगळे रक्त घेतले. लॅक्टेट ४.६, बेस डेफिसिट ८ आला; दोन्ही ऊतींना रक्त कमी पडत असल्याच्या खुणा. या दोन आकड्यांनी उरलेली शंका संपवली.

रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम १० मिनिटांत ८.१८ ला सुरू झाले, पुढचा १ ग्रॅम आठ तासांत. हे औषध अपघातापासून तीन तासांच्या आत द्यायचे असते; तीन तास उलटल्यावर दिल्याने फायद्याऐवजी तोटा संभवतो. म्हणून ‘किती वाजता आणले’ यापेक्षा ‘किती वाजता लागले’ ही वेळ चार्टवर ठळक हवी. इथे मुदत ९.२० ला संपत होती.

सुरुवातीला कॅज्युअल्टीतल्या रोजच्या सवयीने लिहिलेले डायक्लोफिनॅक ७५ मिलिग्रॅमचे कंबरेतले इंजेक्शन सिस्टरांनी थांबवून विचारले आणि रेसिडेंटनी ते रद्द करून फेंटानिल २५ मायक्रोग्रॅमच्या छोट्या डोसांत शिरेतून दिले. शॉकमध्ये स्नायूंतला रक्तपुरवठा आटलेला असतो. तिथे दिलेले औषध तसेच पडून राहते आणि रुग्ण सावरला की एकदम रक्तात उतरते. डायक्लोफिनॅक त्याशिवाय मूत्रपिंड आणि प्लेटलेट यांना जड जाते.

ऊब हा नागपुरात सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या शहरात कोणी गारठून जाईल हे मनाला पटत नाही. पण एसी चालू असलेल्या कॅज्युअल्टीत ओल्या कपड्यांत तासभर पडलेला, रक्त गेलेला माणूस जूनमध्येही गारठतो. अपघाताच्या रुग्णात ३६ च्या खाली तापमान गेले की तो थंड पडतो आहे असे धरावे, कारण थंड रक्त नीट गोठत नाही. गोठले नाही की आणखी रक्त जाते, ऊतींना प्राणवायू कमी पडतो, रक्त आम्लधर्मी होते आणि तेही गोठणे बिघडवते. एसी बंद केला, डोक्याला टोपी, दोन कोरड्या ब्लँकेट, सलाइन वॉर्मरमधून. बाटली गरम पाण्याच्या बादलीत बुडवण्याची पद्धत अजून दिसते. त्यात तापमान किती झाले ते कळत नाही, आणि रक्ताच्या पिशवीच्या बाबतीत तर पेशी फुटण्याचा धोका असतो.

कॅथेटर घालण्याआधी मूत्रद्वाराशी रक्त नाही, अंडकोशाभोवती निळेपणा नाही हे पाहिले. असते तर मूत्रमार्ग फाटल्याची शंका धरून थांबावे लागले असते. डोळ्यांभोवती वा कानामागे काळे-निळे नाही, नाका-कानातून पाणी नाही, म्हणजे कवटीचा तळ मोडल्याच्या खुणा नाहीत, तरीही डोक्याचा सीटी झालेला नसल्याने पोटाची नळी नाकाऐवजी तोंडातून घातली. लघवी २० मिली, गडद. ७० किलोच्या माणसाला ताशी निदान ३५ हवी.

८.२६ ला दुसरी फास्ट : प्लीहा आणि मूत्रपिंड यांच्या मध्ये द्रव. पहिली पीसीव्हीची (तांबड्या पेशींची) पिशवी चालू असताना दाब ११२ झाला, दहा मिनिटांत ८४ वर आला. ८.५५ ला रुग्ण ओटीत गेले. पोटात सुमारे १,६०० मिली रक्त होते; प्लीहा वाचवण्याजोगी नव्हती, काढावी लागली. डावीकडे छातीत २८ नंबरची आयसीडी (छातीतली हवा-रक्त बाहेर काढणारी नळी) घातली, कारण मोडलेल्या बरगड्यांवर व्हेंटिलेटरचा दाब पडला की हवा साठू शकते. पहिल्या सहा तासांत पीसीव्ही, एफएफपी (गोठवून ठेवलेला रक्तद्रव), प्लेटलेट प्रत्येकी ५ पिशव्या. पिशवीतल्या रक्तात ते गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, संथपणे आणि रक्ताच्या लाइनपेक्षा वेगळ्या लाइनमधून. एकाच लाइनमध्ये गेले तर तिथेच गुठळी होते. ओटीतून आयसीयूकडे जाताना डोक्याचा सीटी झाला. तो स्वच्छ होता. सकाळचा गोंधळ मेंदूला रक्त कमी पडल्याचा होता.

दुसरा निर्णयाचा क्षण : पाय

आयसीयूत रुग्ण झोपेच्या औषधांवर आणि व्हेंटिलेटरवर. डाव्या पायाला स्लॅब (अर्धे प्लास्टर), वरून बँडेज. संध्याकाळी ६ आणि रात्री ८ च्या नोंदीत एकच वाक्य : ‘पावलाची नाडी लागते’.

नाडी लागते म्हणजे पाय ठीक, हा समज रुग्णाचा पाय घालवू शकतो. नडगीच्या स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढतो तेव्हा बारीक केशिका आधी बंद पडतात. मोठ्या रोहिणीतली नाडी बरीच उशिरापर्यंत लागते. जागा रुग्ण हाडाच्या मानाने फार जास्त दुखते असे सांगतो, बोटे मागे ओढली की कळवळतो. झोपवलेला रुग्ण काहीच सांगत नाही. त्याच्या बाबतीत हातच हवा : दर तासाला पोटरी आणि नडगीची बाहेरची बाजू दाबून पाहायची, दुसऱ्या पायाशी तुलना करायची, घेर मोजायचा असेल तर गुडघ्याखाली ठरावीक अंतरावर पेनने खूण करून तिथेच मोजायचा.

रात्री दहाला आयसीयूतल्या ब्रदरांना (पुरुष परिचारकांना) पाय लाकडासारखा कडक लागला. त्यांनी डॉक्टरांना कळवले आणि त्यांच्या सांगण्यावरून बँडेज आतल्या कापसासकट, अगदी कातडी दिसेपर्यंत, पूर्ण लांबीत कापले. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवला. तो उंच केला तर रक्तपुरवठा आणखी कमी होतो. कप्प्यातला दाब ४२ निघाला, खालचा रक्तदाब ६६. फरक २४. तो ३० च्या आत आला की शस्त्रक्रियेचा निर्णय होतो. ११.२० ला फॅसिओटॉमी (स्नायूंभोवतीचे आवरण चिरून दाब मोकळा करणे) झाली.

निष्पत्ती

चौथ्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. जागे झाल्यावर पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत तपासले तेव्हा उजव्या हाताच्या करंगळीखालचे हाड मोडलेले सापडले. गुलाबी इंट्राकॅथच्या पट्टीखाली ते झाकले गेले होते. डोक्यापासून पायापर्यंतची ही तपासणी २४ तासांत व्हायला हवी आणि रुग्ण बोलू लागला की पुन्हा, कारण तोपर्यंत लहान जखमा कोणाच्याच लक्षात आलेल्या नसतात.

पाय वाचला. फॅसिओटॉमीची जखम त्वचारोपणाने झाकली. पाऊल वर उचलण्यात अशक्तपणा राहिला, घरी जाताना स्प्लिंट आणि वॉकर लागत होते. प्लीहा नसल्याने न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि एचआयबी या जंतूंविरुद्धच्या लसी शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी दिल्या. ताप आला तर घरी वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे मुलाला कागदावर लिहून दिले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठे नुकसान ७.०५ ते ८.०५ या तासात झाले, आणि त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नव्हते. श्वास मोजणे, ओले कपडे आल्याबरोबर कापणे, पाठ पाहणे, गोळ्यांची चौकशी. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक अपघातग्रस्ताला तीन गोष्टी विचाराव्यात : बीपीची गोळी कोणती, रक्त पातळ करणारी घेता का, शेवटची कधी घेतली. विदर्भात वय कितीही असो, चौथा प्रश्नही हवा : सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) आहे का. गारठा, प्राणवायूची कमतरता आणि शॉक यांनी सिकलसेलच्या रुग्णात पेशी अडकून वेगळेच संकट उभे राहते. शिवाय त्याचे नेहमीचे हिमोग्लोबिनच कमी असते, त्यामुळे रक्त किती गेले याचा अंदाज चुकतो.

एक्स-रेची फेरी टाळता आली असती का? पाय स्प्लिंटमध्ये होता, बोटे गुलाबी होती, जखम उघडी नव्हती. पोर्टेबल मशीन येईपर्यंत थांबले असते तरी पायाचे काही बिघडले नसते. पण दोन सिस्टर आणि दोन गंभीर रुग्ण असताना सोबत जायचे कोणी, या प्रश्नाला वैयक्तिक दक्षतेचे उत्तर पुरत नाही. तिथे मनुष्यबळच लागते. निदान एवढे ठरवता येते की ज्याच्यासोबत नर्स किंवा डॉक्टर जाऊ शकत नाहीत, तो अपघातग्रस्त पहिल्या दोन तासांत कॅज्युअल्टीबाहेर जाणार नाही.

पायाच्या बाबतीत ६ आणि ८ च्या नोंदी खोट्या नव्हत्या. चार्टवर रकानाच ‘नाडी’ एवढा होता, तो भरला गेला. त्या रुग्णालयात आता त्याच्या शेजारी ‘स्नायू : मऊ / ताठ / कडक’ असा रकाना आहे, आणि एमएलसीच्या वस्तूंच्या यादीत औषध सापडले तर त्याचे नाव आणि मिलिग्रॅम लिहून ते लगेच डॉक्टरांना सांगितल्याची वेळ लिहावी लागते.